जलरंग की लिनोकट? ठाण्याच्या फ्लॅटमध्ये काय जमेल

जलरंग आणि लिनोकट (लिनोलियमच्या मऊ लादीवर चित्र कोरून ते कागदावर छापणं) दोन्ही आवडतात, सुरुवात कशाने करू, असं विचारणाऱ्यांना माझा उलटा प्रश्न असतो: सलग मोकळा वेळ किती मिळतो? हात कसा आहे ते नंतर बघू.

जलरंग थांबत नाही. आभाळाचा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ हात, कागद ओला आहे तोवरच द्यायचा. मध्येच कुकर बंद करायला उठलात, की कडा वाळतात. त्यावर परत पाणी लावलं की फुलकोबीसारखे डाग उठतात आणि ते सहसा जात नाहीत. पांढरं म्हणजे कोरा सोडलेला कागद, त्यामुळे उजेड कुठे हवा ते आधीच पक्कं लागतं. चित्रकार सा. ल. हळदणकरांचं हाती दिवा धरलेल्या मुलीचं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. ज्योतीवर आडोशाला धरलेल्या बोटांमधून झिरपणारा तो तांबूस उजेड जलरंगातला आहे, हे कळल्यावर पुष्कळांचा ब्रश महिनाभर खाली राहतो!

लिनोकटचं तसं नाही. रात्री नऊची लोकल पकडून घरी आलात, अर्धा तास कोरलंत, लादी पलंगाखाली सरकवलीत. उद्या ती जिथल्या तिथे. छापायला प्रेसही लागत नाही. रोलरने शाई लावा, कागद ठेवा, स्टीलच्या चमच्याच्या पाठीने घासा. चित्र उलटं उमटतं, तेव्हा अक्षरं आरशातली कोरायची. कटर नेहमी दुसऱ्या हातापासून लांब जाईल असा चालवायचा, हे मात्र पहिल्या दिवसापासून. जास्तीचं कोरलं गेलं तर इथेही माफी नाही. पण एका लादीतून वीस-पंचवीस छाप निघतात, एखादा बिघडला तरी हळहळ वाटत नाही. चित्रकार चित्तप्रसादांनी अंधेरीत राहून लिनोत जे केलं ते बघा. काळ्या-पांढऱ्यात काही कमी पडत नाही.

खर्चात फार फरक नाही. जलरंगात पैसे कागदावर घाला, रंगांवर नको.

माझं मत: रविवारची सकाळ मोकळी असेल आणि मासुंदा तलावाच्या काठावर बसायची हौस असेल तर जलरंग. नोकरी-घर-मुलं यांत वेळ तुकड्यातुकड्यांत मिळत असेल तर लिनो, डोळे झाकून.

पावसाळ्यात दोन्ही रडवतात. दमट हवेत कागदाचं सायझिंग (पाणी लगेच शोषू न देणारा लेप) बिघडतं, रंग पडल्या जागी आत शोषला जातो. कागद प्लास्टिकमध्ये, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. तेलाची शाई तर दिवसेंदिवस वाळत नाही. जूनमध्ये सुरुवात करत असाल तर लादी कोरत राहा आणि छपाई दसऱ्यानंतर काढा.