अजरखसाठी भुज: ठाण्याहून जाताना काय बघावं, काय घ्यावं

ठाण्या-नवी मुंबईतल्या सणासुदीच्या प्रदर्शनांत ‘अजरख’ अशी चिठ्ठी लावलेलं कापड ढिगाने मिळतं. खरं अजरख म्हणजे कच्छमध्ये लाकडी ठशांनी हाताने छापून रंगवलेलं कापड; प्रदर्शनातलं बरंचसं मात्र स्क्रीन प्रिंट असतं, आणि खरं कापड कधी हातात घेतलेलंच नसेल तर फरक कळायला मार्ग नसतो. तो कळून घ्यायचा असेल तर भुज गाठावं. बहुतेक लोक हे शहर पांढऱ्या रणाच्या वाटेवरचा एक मुक्काम म्हणून उरकतात, हे फार चुकतं. तीन दिवस असतील तर तिन्ही भुज आणि आसपासच्या कारागिरांच्या गावांना द्या. धोर्डोचं रण भुजपासून ऐंशीहून अधिक किलोमीटर आहे, वाटेत भिरंडियाराला परवाना काढावा लागतो. त्यासाठी चौथा दिवस असेल तरच त्या वाटेला जा.

गाड्या दोन सोयीच्या: दादरहून सुटणारी सयाजीनगरी आणि वांद्रे टर्मिनसची कच्छ एक्सप्रेस. ठाणेकरांना सयाजीनगरी बरी पडते, दादरला पूल ओलांडला की झालं. घोडबंदर रोडला राहणाऱ्यांनी बसने बोरिवलीला जाऊन तिथून गाडी पकडावी. वाशी-नेरूळकडच्यांनी कुर्ल्याला गाडी बदलून दादर गाठावं. परतीचं तिकीट जातानाच काढा, डिसेंबर-जानेवारीत ऐनवेळी मिळत नाही.

पहिल्या सकाळी थेट अजरखपूर. भुजहून भचाऊच्या रस्त्याने साधारण पंधरा किलोमीटर. रिक्षा जाऊन-येऊन आणि थांबण्यासकट ठरवा, परतताना गावातून वाहन मिळेल या भरवशावर राहू नका. गावातच एलएलडीसी हे हस्तकलेचं संग्रहालय आहे. १९६९ साली चंदाबेन श्रॉफ यांनी सुरू केलेल्या ‘श्रुजन’ संस्थेने ते उभारलं आणि २०१६ मध्ये खुलं झालं. कच्छमधल्या वेगवेगळ्या समाजांचं भरतकाम इथे नमुन्यांसह मांडलंय. रबारी टाका कुठला आणि सूफ कुठला हे इथे एकदा नीट पाहिलं की नंतर दुकानात कुणी काहीही गळ्यात मारू शकत नाही. म्हणून आधी संग्रहालय, मग खरेदी. दोन तास कमी पडतात, तीन ठेवा.

अजरखपूर गाव तसं नवं. खत्री समाजाचे हे रंगारी सोळाव्या शतकात सिंधमधून कच्छमध्ये आले आणि धमडक्याला वसले. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर तिथल्या पाण्यात लोह वाढलं. लोह असलेल्या पाण्यात लाल रंग काळवंडतो, त्यामुळे बऱ्याच कुटुंबांनी इथे नवं गाव वसवलं. रंगाऱ्याला आधी पाणी बघावं लागतं ते यासाठी.

कामाची सामग्री ऐकली तर आपल्या फडताळातली वाटेल. कापड आधी एरंडेल, सोडा आणि उंटाच्या लेंड्यांच्या मिश्रणात मुरवतात, वाळवतात, धुतात. मग हिरड्याच्या पाण्यात बुडवतात, कापड पिवळट होतं. त्यावर चुना आणि डिंकाचा छाप, तिथे रंग चढत नाही आणि पांढरी रेघ राहते. काळ्यासाठी भंगार लोखंड आणि गूळ पाण्यात दोन-तीन आठवडे आंबवून त्यात चिंचोक्याचं पीठ घालून खळ करतात. हिरड्याशी गाठ पडली की ती काळी होते. लाल हवा तिथे तुरटीचा छाप. मग निळीचा हौद, धुणं आणि शेवटी मंजिष्ठेत, म्हणजे लाल रंग देणाऱ्या वनस्पतीच्या पाण्यात, उकळणं. तुरटी असेल तिथेच लाल धरतं. एका थानाला दोन ते तीन आठवडे लागतात. त्यामुळे तासाभराच्या भेटीत यातली एखादीच पायरी दिसते. तीन-चार कारखान्यांत डोकावलंत तर सगळ्या पायऱ्या जुळतात. शुक्रवारी दुपारी नमाजमुळे काम थांबतं, पावसाळ्यात उन्हाअभावी रेंगाळतं. छापून बघायचं असेल तर आदल्या दिवशी विचारून ठेवा.

आता ओळख. ठसा जिथे ठशाला भिडतो तिथे नीट बघा: हाताने छापलेल्या कापडात कुठेतरी केसभर सरकलेलं सापडतंच. सगळं काटेकोर जुळलं असेल तर संशय घ्या. पांढरा भाग कापडाचाच असतो, किंचित साईच्या रंगाचा. वरून थापल्यासारखा, खडखडीत लागला तर तो छापलेला पांढरा. उलट बाजूलाही रंग उतरलेला दिसतो. पण दोन्ही बाजूंनी सारखीच नक्षी हवी असा हट्ट धरू नका. दुहेरी छपाई वेगळी, तिला दुप्पट मेहनत आणि तसाच भाव. ओल्या रुमालाने घासून ‘निळा लागला, म्हणजे खोटं’ ही चाचणी तर पूर्ण चुकीची आहे. निळीचा रंग धाग्याच्या वरवर बसतो, अस्सल कापडाचाही सुरुवातीला थोडा सुटतो.

एक प्रश्न मात्र प्रत्येक दुकानात विचारा: लाल मंजिष्ठेचा की अलिझरीनचा? अलिझरीन हा कारखान्यात बनलेला रंग, तो सर्रास वापरतात आणि त्यात फसवणूक काही नाही. भाव मात्र वनस्पतीच्या रंगाचा लावलेला नको. कच्छी अजरखला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण निव्वळ चिठ्ठीवर विसंबू नका, कापड बघा. कुर्त्याला अडीच मीटर पुरतं. पूर्ण बाह्या हव्या असतील तर तीन घ्या, कारण त्याच छटेचं कापड पुन्हा मिळत नाही. निळीचा हौद दर खेपेला थोडा वेगळा उतरतो.

परतताना भुजोडी लागतं. तिथल्या वणकरांच्या, म्हणजे विणकरांच्या, लोकरी शाली ठाण्याच्या हवेत वापरायला जड पडतात, सुती घ्या. दुसऱ्या दिवशी रोगन कामासाठी निरोणा, साधारण चाळीस किलोमीटर. एरंडेल घट्ट होईपर्यंत उकळून त्यात रंग मिसळतात, तळहातावर घोळवून सळीने त्याची तार ओढतात आणि अर्धी नक्षी काढून कापड दुमडलं की उरलेली उमटते. हेच रोगन काम. ताजं असेल तर नीट वाळल्याची खात्री करा, घडी घातल्यावर चिकटतं.

तिसरा दिवस शहराला. आयना महालात रामसिंह मालम या कारागिराची काच आणि फरशा आहेत, अठराव्या शतकातल्या, युरोपात शिकून येऊन इथे घडवलेल्या. शेजारी प्राग महालाचा मनोरा. भुजिया डोंगरावरचं स्मृतिवन २०२२ मध्ये उघडलं; भूकंपात गेलेल्यांची नावं तिथे पाण्याच्या बांधांवर कोरलेली आहेत. तिथे घाई करू नका, आणि सोमवारी ते बंद असतं हे लक्षात ठेवा. हमीरसर तलाव पावसात भरून वाहिला की भुजला सुट्टी मिळते. तलावाच्या काठाने संध्याकाळी एक फेरी मारली की या गावाचा पाण्यावरचा जीव कळतो. दाबेली तिथेच खा.

घरी आल्यावर पहिले तीन-चार धुणे वेगळे, थंड पाण्यात, सौम्य द्रव साबणाने. रात्रभर भिजवू नका, मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो ही समजूत सोडा. वाळवणं सावलीत. लिंबू किंवा व्हिनेगर सांडलं तर लगेच धुवा, आम्लाने काळा रंग फिका पडतो. लोहाच्या छापाखालचा धागा तसाही कालांतराने कमजोर होतो, म्हणून जुन्या अजरखमध्ये आधी काळी नक्षी विरते. ब्रश तिथे कधीच लावू नका. आणि आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टमध्ये दमट घडी कपाटात ठेवलीत तर बुरशीचे डाग पडतात. कोरडी करून, सुती फडक्यात गुंडाळून ठेवा, महिन्यातून एकदा घडी बदला.