इंकटँक की लेझर? घरच्या प्रिंटरचा माझा हिशेब

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापतात. देशाच्या पासपोर्टची पुस्तिकाही नाशिकरोडलाच छापली जाते. आणि त्याच नाशकात, इंदिरानगरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये, दाजींच्या पासपोर्टसाठी आधार कार्डाची एक धड प्रत निघेना. रात्रीचे साडेदहा वाजलेले, सकाळी साडेनऊची अपॉइंटमेंट आणि खालच्या झेरॉक्सवाल्याचं शटर नऊलाच पडलेलं. दाजी सिन्नरहून आदल्या रात्रीच मुक्कामाला आले होते. "कागदांची काळजी करू नका, घरी प्रिंटर आहे," असं मीच त्यांना फोनवर ठासून सांगितलं होतं.

तो प्रिंटर इंकटँक होता. माझ्याकडे तो जवळपास चार वर्षं होता, आणि आता दोन वर्षं झाली, टेबलावर काळा-पांढरा लेझर आहे. दोघांबरोबर संसार केलेला असल्यामुळे जून उजाडला की ऑफिसातलं कुणीतरी विचारतंच, "शाळा सुरू होतायत, प्रिंटर घ्यायचाय, कुठला घेऊ?" दर वेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवतो. मिनिटाला किती पानं, डीपीआय किती, हे मी सांगणार नाही. डब्यावर असतंच ते, आणि घरी त्याने काडीचा फरक पडत नाही. कार्ट्रिजवाले छोटे इंकजेटही सोडून देतो. ते मशीन स्वस्तात देतात आणि कार्ट्रिजवर वसूल करतात, हे आता सगळ्यांना कळलेलं आहे.

इंकटँकच्या बाजूचा पहिला मुद्दा पैशाचा, आणि तो खरा आहे. बाटलीतली शाई टाकीत ओतायची की हजारो पानं निश्चिंती. माझ्या हिशेबाने काळं पान दहा-पंधरा पैशांत पडायचं. लेझरला कंपनीचा टोनर, म्हणजे शाईच्या जागची पूड, घातला तर तेच पान दीड-दोन रुपयांच्या घरात जातं. रिफिल करून घेतलं तर तीस-चाळीस पैसे. हे आकडे माझ्या वहीतले आहेत, तुमचे थोडे इकडेतिकडे होतील. कंपन्या पानांचा जो आकडा देतात तो पानाचा साधारण पाच टक्के भाग काळा होतो असं धरून दिलेला असतो. आमच्या सोसायटीचा ताळेबंद छापा, नुसत्या चौकटी नि रेघांमध्येच ते पाच टक्के संपतात.

दुसरा मुद्दा रंगाचा. तिथे वादच नाही. मुलांचे प्रोजेक्ट, नकाशे, वाढदिवसाची पताका, सगळं इंकटँकवर झकास निघतं. रंगीत लेझर मिळतो, पण त्यात टोनर चार घालावे लागतात, आणि चौघांचा भाव ऐकला की माणूस मुकाट्याने दुकानाबाहेर येतो.

मग मी इंकटँक काढला का? कारण आमचं छापणं नियमित नाही. मी सोसायटीचा सेक्रेटरी. एका संध्याकाळी चौऱ्याऐंशी फ्लॅटच्या नोटिसा काढायच्या, आणि मग तीन आठवडे प्रिंटरवर इस्त्रीचे कपडे ठेवायचे. इंकजेटला नेमका हाच वापर सोसत नाही. त्याची शाई म्हणजे बहुतांशी पाणी, आणि ती ज्या छिद्रांतून उडते ती केसाहून बारीक. मशीन पडून राहिलं की छिद्राच्या तोंडाशी पाणी उडून जातं आणि मागे घट्ट रंग उरतो. एप्रिल-मेमधली आपली कोरडी हवा तर सांगायलाच नको, दोरीवरचा टॉवेल अर्ध्या तासात वाळतो.

त्यात आमच्या घरची एक खोड. गावाला निघताना आई घरातली सगळी बटणं बोर्डावरून खटाखट बंद करते, प्रिंटरचंही. हे चुकीचं आहे हे मला फार उशिरा कळलं. इंकजेट त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद केला तर शाईचं हेड सरकत कडेला जातं आणि रबराच्या टोपीवर बसतं, म्हणजे तोंड झाकलं जातं. मध्येच बोर्डावरून वीज तोडली की हेड असेल तिथे उघडं राहू शकतं. त्या मेमध्ये आम्ही लग्नाला म्हणून गावी गेलो ते वीस दिवस राहिलो. परत आल्यावर पहिलं काम निघालं ते दाजींचं.

पहिली प्रत आली ती कापलेल्या कांद्यासारखी, पट्ट्या-पट्ट्यांची. आधारचा नंबर अर्धा दिसतोय, अर्धा नाही. तपासणीचं पान काढलं. त्यावर बारीक रेघांच्या पायऱ्या असतात, त्या सलग दिसायला हव्यात. काळ्याच्या पायऱ्या जागोजागी तुटलेल्या, निळा तर पूर्ण बेपत्ता. मग हेड क्लीनिंग. घर्र, टक, घर्र, टक, दोन मिनिटं. पुन्हा तपासणी. पुन्हा क्लीनिंग. तिसऱ्यांदा केलं तेव्हा टाकीवरच्या रेघेखाली शाई उतरलेली डोळ्यांना दिसत होती. ही शाई जाते कुठे? मशीनच्या तळाशी स्पंजासारखं एक पॅड असतं, त्यात. मशीन त्याचा हिशेब ठेवतं, आणि पॅड भरलं असं त्याला वाटलं की बऱ्याच मॉडेलमध्ये छपाईच थांबते, मग सर्व्हिस सेंटरची वारी. म्हणजे विकतची शाई गटारात ओतायची आणि गटार तुंबलं म्हणून पुन्हा पैसे मोजायचे. बारा वाजता दाजीच म्हणाले, "राहू द्या हो, सकाळी वाटेत काढू." सकाळी साडेआठला उघडं असलेलं दुकान शोधत आम्ही स्कूटरवरून जे फिरलो, त्याबद्दल दाजी आजही काही बोलत नाहीत. नुसते हसतात. बोलले असते तर परवडलं असतं.

सर्व्हिसवाल्याने हेड साफ करून दिलं आणि सल्ला दिला, "साहेब, आठवड्यातून एक रंगीत पान काढत जा." आम्ही तोही पाळला. दर रविवारी सकाळी मुलीने गणपतीचं एक रंगीत चित्र छापायचं. गाईला घास काढून ठेवतात तसं. आणि खरं सांगायचं तर याचा उपयोग झाला, प्रिंटर एकदाही रुसला नाही. फक्त फाइलमध्ये एकेचाळीस गणपती जमले. गणपतीच ते, रद्दीत टाकवतात थोडेच? मग गणेशोत्सवाच्या गडबडीत तीन रविवार चुकले, आणि वार्षिक सभेच्या नोटिसा काढायला बसलो तर पुन्हा त्याच पट्ट्या. त्या महिन्यातच मी एम.जी. रोडवर जाऊन लेझर घेऊन आलो.

लेझरमध्ये वाळण्यासारखं काही नाहीच. टोनर ही प्लास्टिकची बारीक, कोरडी पूड. ती ड्रमवर, म्हणजे आतल्या फिरत्या नळकांड्यावर, विजेच्या भाराने चिकटते, तिथून कागदावर जाते आणि गरम रोलरखाली वितळून पक्की बसते. चेस्टर कार्लसनने या पद्धतीने पहिली प्रत १९३८ साली काढली. आपण दिवसातून दहादा म्हणतो तो झेरॉक्स शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला त्याचा अर्थच 'कोरडं'. मला ही गंमत लेझर घेतल्यावर कळली, आधी कळली असती तर पेट्रोल वाचलं असतं. दिवाळीत आम्ही तीन आठवडे घराबाहेर होतो. आल्यावर बटण दाबलं, पहिलंच पान काळंकुळकुळीत. हे मी मोजून-मापून सांगत नाही, पण दोन वर्षांत पडून राहिल्यामुळे अडलेलं पान एकही नाही.

मराठी मजकुराबाबतही माझं मत लेझरकडेच जातं. साध्या ७० जीएसएमच्या कागदावर शाई किंचित पसरते. इंग्रजीत ते फारसं जाणवत नाही. पण बारीक टायपात 'ष्ट', 'द्ध' अशी जोडाक्षरं भरून येतात, अनुस्वार शिरोरेषेला चिकटतो. लेझरवर तोच अनुस्वार वेगळा, टोचेल असा दिसतो. शिवाय पाणी. पंधरा रुपये भरून ऑनलाइन घेतलेला सातबारा घरी छापला आणि जुलैच्या पावसात तलाठी कार्यालयात नेला, तर साध्या डाय शाईचा, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या रंगाचा, मजकूर ओघळतो. टोनरला थेंबाने काही होत नाही. पावसाळ्यात कागद मात्र दोन्हींचे सर्दावतात आणि अडकतात, रीम प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवण्याला पर्याय नाही.

आता लेझरचं उणं. पहिलं वीज. रोलर तापवताना तो एकदम करंट ओढतो, आमच्या हॉलमधला दिवा क्षणभर मिचकतो. पहिल्याच दिवशी मी अजाणतेपणी त्याची पिन कॉम्प्युटरच्या यूपीएसमध्ये खोचली. पहिलं पान निघायच्या आत यूपीएसने जी बोंब मारली, शेजारच्या काकू दार उघडून बाहेर आल्या. घरचा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट सोसतो. लेझर तापताना त्याच्या वर सहज जातो. त्याची पिन थेट भिंतीतच हवी. इंकटँक छापताना दहा-पंधरा वॉटवर भागवतो, त्यामुळे वीज गेल्यावर तो इन्व्हर्टरवर खुशाल चालायचा. लाइट गेल्यावर लेझर म्हणजे नुसतं फर्निचर. तुमच्या भागात वीज वरचेवर जात असेल तर हा मुद्दा हलक्यात घेऊ नका.

दुसरं रिफिल. इथे मी दोनदा पोळलोय. एकदा रिफिलवाल्याने आमच्याच गॅलरीत टोनर उघडला आणि पूड माझ्या शर्टावर. अशा वेळी कपडा झटकायचा आणि गार पाण्यानेच धुवायचा. गरम पाणी घातलं की प्लास्टिक मऊ होऊन डाग कायमचा बसतो. आमच्याकडे गरम घातलं गेलं. दुसऱ्यांदा प्रत्येक पानावर काळा ठिपका उमटायला लागला, एकाखाली एक. फूटपट्टी लावली, दर साडेसात सेंटिमीटरला. ड्रमवर ओरखडा गेला की त्याच्या प्रत्येक फेऱ्याला ठिपका पडतो. तेव्हापासून एकदा रिफिल, पुढच्या वेळी नवा टोनर, असं चालवतो.

आणि स्कॅनर नाही. मी साधा छापणारा लेझर घेतला, स्कॅनरवाला बराच महाग होता. म्हणजे दाजींच्या रात्री हाच लेझर घरात असता, तरी आधारचा मोबाइलवर फोटो काढून मगच प्रत निघाली असती. निघाली असती, एवढं मात्र नक्की. रंगीत पान लागलं तर कॉलेज रोडला दहा रुपयांत काढून आणतो. वर्षात बारा-पंधरा वेळा.

दुकानात गेलात की दुकानदार विचारेल, महिन्याला किती पानं? त्याला उत्तर द्या, पण स्वतःला वेगळं विचारा: दोन पानांमध्ये आपल्याकडे जास्तीत जास्त किती दिवस जातात? आठवड्याच्या आत असेल आणि रंग लागत असेल, तर इंकटँकच घ्या, मी आडवा येणार नाही. फक्त वाया जाणाऱ्या शाईचं पॅड घरच्या घरी बदलता येतं का ते विचारून घ्या, काही नव्या मॉडेलमध्ये तशी पेटी येते. लेझर घ्यायचा असेल तर सोबतचा टोनर पुरता भरलेला आहे की नुसता सुरुवातीपुरता, आणि त्या टोनरला चिप आहे का, हे दोन प्रश्न. चिप असेल तर रिफिलवाला कुरकुर करतो. वाय-फाय असलेलाच घ्या, नाहीतर घरातले सगळे आपापल्या फाइली तुम्हाला पाठवत बसतील.

माझा जुना इंकटँक आता सिन्नरला ताईकडे आहे. ती लहान मुलांच्या शिकवण्या घेते. रोज चार-सहा रंगीत पानं निघतात, फळं, प्राणी, बाराखडी. मशीन तेच, शाई तीच, आणि दोन वर्षांत तिथे एकदाही क्लीनिंग करावं लागलेलं नाही. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. दाजींचा तो पासपोर्ट अखेर कामी येतोय, मेमध्ये दोघं वीस दिवस मुलीकडे दुबईला चाललेत.

"अरे, मग तेवढे दिवस प्रिंटर तुझ्याकडे आणून ठेवते," ताई म्हणाली. "रविवारी एक पान काढायचं असतं ना त्याला?"

हो म्हणालो. आता बेचाळिसावा गणपती शोधून ठेवायला हवा.