तहहयात पेन्शन घ्यावी की निधीतून टप्प्याटप्प्याने रक्कम काढावी?

नोकरीच्या काळात पगारातून कापले गेलेले अंशदान आणि त्यात नियोक्त्याने घातलेली भर यांतून साठलेल्या निधीचे उरलेल्या आयुष्यभराच्या उत्पन्नात रूपांतर कसे करायचे, हा निर्णय बहुतेकांना एकदाच आणि कोणत्याही सरावाविना घ्यावा लागतो. नोबेल पारितोषिकाचे मानकरी अर्थतज्ज्ञ विल्यम शार्प यांनी वित्तशास्त्रातल्या अत्यंत कठीण प्रश्नांत त्याची गणना केली आहे, त्यामुळे सामान्य बचतदार येथे गोंधळला तर त्यात नवल नाही. मुख्य निवड दोन मार्गांत असते. पहिला मार्ग म्हणजे निधी विमा कंपनीला देऊन त्या बदल्यात तहहयात पेन्शन, म्हणजेच ॲन्युइटी, विकत घेणे. दुसरा म्हणजे निधी गुंतवलेलाच ठेवून त्यातून गरजेप्रमाणे रक्कम काढत राहणे. सगळी रक्कम एकदम काढून घेण्याचा तिसरा मार्गही असतो, पण मोठे कर्ज फेडायचे असल्यास किंवा निधी अगदीच लहान असल्यासच त्याचा विचार करावा, कारण बहुतेक करव्यवस्थांत एकाच वर्षी आलेल्या मोठ्या रकमेवर कराचा वरचा दर लागू शकतो.

ज्यांची योजना निश्चित लाभाची आहे, म्हणजे पगार आणि सेवेची वर्षे यांवरून पेन्शनची रक्कम ठरते, त्यांच्यापुढे हा प्रश्न सहसा येत नाही. तेथे बाजाराची आणि दीर्घायुष्याची जोखीम नियोक्ता उचलतो. तो ती उचलू शकला नाही तर काय होते, हे अमेरिकेतील स्टुडबेकर या मोटार कंपनीने १९६३ मध्ये साउथ बेंडचा कारखाना बंद केला तेव्हा दिसले. सुमारे ४,००० कामगारांच्या हाती त्यांच्या हक्काच्या पेन्शनच्या मूल्यापैकी जेमतेम १५ टक्के रक्कम आली. पुढे १९७४ च्या कायद्याने तेथे पेन्शनला विम्याचे संरक्षण मिळाले. तरीही असा हक्क एकरकमी मोबदल्यासाठी सोडून देणे बहुधा तोट्याचेच ठरते. ब्रिटनमध्ये २०१७ च्या सुमारास ब्रिटिश स्टीलच्या अनेक कामगारांनी चुकीच्या सल्ल्यावरून तसे केले आणि नंतर त्यांच्यासाठी भरपाईची योजना आखावी लागली. येथून पुढचे विवेचन निश्चित अंशदान योजनेतल्या, म्हणजे जिच्यात पेन्शन साठलेल्या निधीवरच अवलंबून असते अशा योजनेतल्या, बचतदारासाठी आहे.

तहहयात पेन्शनकडे गुंतवणूक म्हणून पाहिले की ती महाग वाटते, आणि लवकर मृत्यू आला तर पैसे बुडाले असेही वाटते. प्रत्यक्षात तो दीर्घायुष्याचा विमा आहे. लवकर मृत्यू पावणाऱ्यांच्या निधीतून उरलेली रक्कम दीर्घकाळ जगणाऱ्यांच्या पेन्शनमध्ये जाते, आणि उत्पन्नाचा हा स्रोत एकट्याने केलेल्या कोणत्याही गुंतवणुकीत मिळू शकत नाही. ज्याला वारसांसाठी काही ठेवायचे नाही त्याने आपला सर्व निधी ॲन्युइटीत घालणे सैद्धांतिकदृष्ट्या योग्य ठरते, असे अर्थतज्ज्ञ मेनाहेम यारी यांनी १९६५ मध्येच दाखवले होते. तरीही स्वतःवर सोपवल्यास फार थोडे लोक ती घेतात. ब्रिटनने २०१५ मध्ये ॲन्युइटीकडे ढकलणारे जुने नियम सैल केले, तेव्हा तिची विक्री झपाट्याने घसरली.

या अनिच्छेमागे केवळ गैरसमज आहेत असे मात्र नाही. पहिली रास्त हरकत महागाईची आहे. रक्कम कायम तीच राहणारी पेन्शन घेतली आणि महागाई दरवर्षी ५ टक्के राहिली, तर २० वर्षांनी तिची क्रयशक्ती सुमारे ३८ टक्केच उरते. महागाईशी जोडलेली पेन्शन मिळत असली, तरी ती सुरुवातीला बरीच कमी असते आणि पुष्कळ बाजारांत ती मिळतही नाही. दुसरी हरकत मुहूर्ताची आहे. पेन्शनचा दर, म्हणजे दिलेल्या निधीच्या मानाने दरवर्षी मिळणारी रक्कम, खरेदीच्या दिवशीच्या व्याजदरांवर ठरतो आणि कायमचा बांधला जातो; २०२० मध्ये खरेदी केलेल्यांना दोन-तीन वर्षे थांबलेल्यांपेक्षा अनेक देशांत बराच कमी दर मिळाला. तिसरी हरकत विक्रीच्या पद्धतीविषयी आहे. जिच्याकडे निधी होता त्याच कंपनीची ॲन्युइटी अनेकांनी इतरत्र चौकशी न करता घेतली, असे ब्रिटिश नियामकाच्या २०१४ मधील पाहणीत आढळले होते. ज्यांना गंभीर आजार आहे त्यांना काही बाजारांत अधिक दराची पेन्शन मिळू शकते, परंतु आजार सांगितल्याखेरीज ती कोणी देऊ करत नाही.

आता दुसरा मार्ग. येथे निधी आपल्याच नावावर राहतो, वारसांना मिळू शकतो आणि गरजेप्रमाणे कमी-अधिक काढता येतो. हे फायदे खरे आहेत; पण परताव्याची सरासरी पाहून हा मार्ग निवडणाऱ्याने परताव्याचा क्रमही पाहिला पाहिजे. समजा निधी १०० आहे, दरवर्षाच्या शेवटी ६ काढले जातात आणि तीन वर्षांचे परतावे उणे २० टक्के, शून्य आणि अधिक २५ टक्के असे येतात. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी ७९ उरतात. हेच परतावे उलट क्रमाने आले, तर ८४.४ उरतात. काहीच काढले नसते तर दोन्ही क्रमांत १०० च राहिले असते. निवृत्तीच्या सुरुवातीलाच बाजार पडला तर पुढची तेजी घटलेल्या निधीवर काम करते, आणि त्या क्रमावर बचतदाराचे काहीच नियंत्रण नसते.

किती काढावे यासाठी अमेरिकी आर्थिक सल्लागार विल्यम बेंगन यांचा १९९४ चा नियम वारंवार सांगितला जातो: पहिल्या वर्षी निधीच्या ४ टक्के आणि नंतर महागाईनुसार वाढ. तो अमेरिकी शेअर व रोखे बाजारांच्या इतिहासावर आणि ३० वर्षांच्या मुदतीवर बेतलेला आहे आणि त्याच्या मूळ मांडणीत शुल्काचा भार धरलेला नाही, ही अट नियमाबरोबर क्वचितच सांगितली जाते. तुम्ही ४ टक्के काढत असाल आणि व्यवस्थापन व सल्ला मिळून १.५ टक्के शुल्क जात असेल, तर निधीतून बाहेर जाणाऱ्या रकमेचा चौथ्या हिश्शाहून अधिक भाग तुमच्यापर्यंत पोहोचतच नाही.

मला याहून गंभीर वाटणारी अडचण वयाची आहे. टप्प्याटप्प्याने रक्कम काढण्याचा निर्णय साठीत घेतला, तरी तो ऐंशीतही दरवर्षी नव्याने घ्यावा लागतो: किती काढायचे, कोठे गुंतवायचे, कोणाच्या सल्ल्यावर विश्वास ठेवायचा. आकडेमोडीची उमेद तेव्हा उतरलेली असते आणि फसवणूक करणारे नेमके याच वयाच्या लोकांना हेरतात. घरातला आर्थिक व्यवहार पाहणारी व्यक्ती आधी गेली, तर हा सगळा भार अशा जोडीदारावर पडतो ज्याने तो कधी पाहिलेलाही नसतो. तहहयात पेन्शनमध्ये दर महिन्याला रक्कम जमा होते आणि काही ठरवावे लागत नाही. पुस्तकी तुलनेत या गुणाला जवळपास शून्य किंमत मिळते.

निर्णय घेणाऱ्याने म्हणून परताव्याआधी खर्चापासून सुरुवात करावी. घर, अन्न, औषधे आणि वीज यांचा न टळणारा मासिक खर्च मांडावा आणि सरकारी किंवा अन्य खात्रीची पेन्शन त्यातून वजा करावी. उरलेली तूट शून्याजवळ असेल, तर बाकीचा निधी गुंतवलेला ठेवून त्यातून काढत राहणे परवडते. तूट मोठी असेल, तर निदान तेवढ्या भागासाठी तहहयात पेन्शन घेणे मला अधिक सुरक्षित वाटते, मग तिचा दर कितीही नीरस दिसो. निधी इतका लहान असेल की दोन्ही मार्गांनी ही तूट भरत नाही, तर शक्य असल्यास निवृत्ती काही वर्षे पुढे ढकलणे या दोहोंपेक्षा अधिक उपयोगी पडते, कारण अंशदानाची वर्षे वाढतात आणि उत्पन्न पुरवायची वर्षे कमी होतात.

क्रमालाही महत्त्व आहे. टप्प्याटप्प्याने काढता काढता पुढे कधीही ॲन्युइटी घेता येते, आणि वय वाढल्यावर, व्याजदर तेच राहिल्यास, तिचा दरही चढा मिळतो. एकदा घेतलेली ॲन्युइटी मात्र सहसा परत करता येत नाही. म्हणून घाई नसलेल्याने सत्तरीपर्यंत थोडे थोडे काढून मग उरलेल्या निधीच्या काही भागाची पेन्शन घेणे हा एक मधला मार्ग उरतो. ती घेताना किमान तीन कंपन्यांकडून लेखी दर मागवावेत आणि प्रत्येकाकडून तीच माहिती घ्यावी: पेन्शन एकाच्या हयातीपुरती आहे की जोडीदाराच्याही, रक्कम स्थिर आहे की वाढती, आणि सुरुवातीच्याच वर्षांत मृत्यू झाल्यास वारसांना काय मिळते.