घरून जीआरई : पेपर तोच, केंद्र मात्र तुमचं

जीआरई, म्हणजे परदेशी विद्यापीठांतल्या पदव्युत्तर प्रवेशासाठीची परीक्षा, घरून देण्याची सोय २०२० मध्ये सुरू झाली आणि ती आता कायमची आहे. पेपर केंद्रावरचाच. सप्टेंबर २०२३ पासून तो १ तास ५८ मिनिटांचा झालाय. आधी ३० मिनिटांचा एक निबंध. त्यानंतर, क्रम कोणताही असो, व्हर्बलचे (इंग्रजी भाषेचे) दोन भाग : १२ प्रश्नांना १८ मिनिटं, १५ प्रश्नांना २३. क्वांटचेही (गणिताचे) दोन : १२ प्रश्नांना २१ मिनिटं, १५ प्रश्नांना २६. मध्ये ठरलेली सुट्टी नाही. फरक पडतो तो केंद्राच्या कामात. खोली, टेबल, मशीन, नेट, शांतता हे सगळं तिथे कुणीतरी बघत असतं. घरी ते तुमच्या अंगावर येतं. ही कामं आदल्या आठवड्यात उरकणाऱ्याला सोय उत्तम, ऐनवेळी लॅपटॉप उघडणाऱ्याला डोकेदुखी.

मशीन विंडोज किंवा मॅकचं लागतं. टॅब, क्रोमबुक, मोबाइल चालत नाहीत. स्क्रीन एकच, म्हणजे दुसरा मॉनिटर नुसता बंद करून भागत नाही, तो काढून ठेवा. ऑफिसचा लॅपटॉप वापरायचं मनातही आणू नका. परीक्षेचा सुरक्षित ब्राउझर टाकायला अ‍ॅडमिनचे अधिकार लागतात, ते तुमच्याकडे नसतात, आणि कंपनीची सुरक्षा प्रणाली प्रॉक्टरची, म्हणजे कॅमेऱ्यातून तुमच्यावर लक्ष ठेवणाऱ्या निरीक्षकाची, जोडणी अडवू शकते. स्वतःच्या मशीनवरही एनीडेस्क, टीमव्ह्यूअर यांसारखी, लांबून दुसऱ्याचं मशीन चालवायची अ‍ॅप्स मागे चालू राहिलेली असतात. ती पार काढूनच टाका, कारण खिडकी बंद केली तरी त्यांची सेवा चालूच राहते. व्हीपीएन बंद, विंडोजचे अपडेट थांबवलेले, चार्जर लावलेला. उपकरण तपासणी ज्या खोलीत, ज्या नेटवर पेपर द्यायचाय तिथूनच करा. हॉलमध्ये राउटरशेजारी बसून मिळालेला हिरवा टिक आतल्या खोलीत उपयोगाचा नाही.

हेडफोन, इअरफोन अजिबात चालत नाहीत. आवाज स्पीकरवर, माइक लॅपटॉपचा किंवा वेगळा. कान दिसले पाहिजेत, म्हणून केस मागे बांधा.

खोलीत तुम्ही एकटे, दार बंद, आणि ते दार कॅमेऱ्यात दिसेल अशी बैठक. पलंग किंवा सोफा नाही. साधी खुर्ची, मोकळं टेबल. खाणंपिणं टेबलावर नको. सुरुवातीला कॅमेरा गोल फिरवून खोली आणि टेबलाचा वरचा भाग दाखवावा लागतो. इथे एक बारीक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही : वाय-फायपेक्षा लॅन केबल चांगली हे खरं, पण केबल आखूड असेल तर लॅपटॉप उचलून फिरवताना ती निसटते आणि तपासणी तिथेच अडते. दोन-तीन मीटरचा मोकळा वेटोळा ठेवा. लॅपटॉपची स्क्रीन दाखवायला छोटा हातआरसा किंवा फोन लागतो. फोन वापरलात तर नंतर तो हाताला येणार नाही असा लांब ठेवायचा. खिडकी पाठीमागे असेल तर चेहरा काळा दिसतो आणि ओळखपत्राशी जुळवताना वेळ जातो. उजेड समोरून घ्या. ओळखपत्र मूळ हवं आणि त्यावरचं नाव नोंदणीतल्या नावाशी तंतोतंत जुळायला हवं. या कारणावरून परत पाठवलं तर वाद घालायला जागाच उरत नाही.

आता खरा मुद्दा, कच्च्या कामाचा. सुटा कागद चालत नाही. एक छोटा व्हाइटबोर्ड, किंवा पारदर्शक प्लास्टिकच्या कव्हरमध्ये घातलेला एक कोरा कागद, पुसता येणारा मार्कर आणि पुसायला कापड, एवढंच. क्वांटमध्ये प्रश्नाला सरासरी पावणेदोन मिनिटं मिळतात, आणि त्यातली दहा-पंधरा सेकंदं पुसण्यात जाऊ लागली की शेवटचे दोन प्रश्न हातचे सुटतात. जाड टोकाचा मार्कर ही घरच्या परीक्षेतली सर्वांत महागडी चूक. बारीक टोकाचा घ्या, बोर्डाचे मनातल्या मनात सहा चौकोन पाडा, एका प्रश्नाला एक चौकोन द्या आणि सहाही भरले की एकदमच पुसा. परत बघायच्या प्रश्नाचा चौकोन तेवढा ठेवा. त्याच भागात मागे जाऊन उत्तर बदलता येतं. प्लास्टिक कव्हरवर दिव्याचा झोत पडला की अक्षर चमकून दिसेनासं होतं, म्हणून त्यापेक्षा बोर्डच बरा. सरावाच्या पेपरांनाही कागद वापरू नका, नाहीतर हाताला कागदाचीच सवय लागते. कॅल्क्युलेटर स्क्रीनवरचाच. तो आठ आकड्यांपर्यंत दाखवतो; आकडा टाकायच्या प्रश्नात उत्तर थेट चौकटीत उतरवायचं बटण त्यात आहे, पण अपूर्णांक किंवा टक्के मागितले असतील तर आधी बघा, मग दाबा.

पुटपुटत वाचायची सवय असेल तर ती आधीच मोडा. ओठ हलताना दिसले की प्रॉक्टर टोकतो, आणि टोकलं की लय जाते. तसंच नजर सतत खोलीच्या कोपऱ्यात गेली तरी.

स्वतंत्र खोली, स्वतःचा लॅपटॉप आणि न तुटणारं नेट ही तिन्ही असतील तर घरून द्या. यातलं एकही डळमळीत असेल तर केंद्रच बरं. माणसांनी भरलेल्या घरात दोन तास कुणी दार ढकलणार नाही याची खात्री देणं अवघडच.

पेपर संपल्यावर गुण पाठवायचे की रद्द करायचे, हे गुण दिसण्याआधीच विचारलं जातं. रद्द केलंत तर ते दिसत नाहीत आणि तो प्रयत्नही मोजला जातो. पुढचा प्रयत्न २१ दिवसांनी, १२ महिन्यांत जास्तीत जास्त पाच. पाठवायचे निवडलेत तर व्हर्बल आणि क्वांटचे अनधिकृत गुण लगेच दिसतात, निबंधाचे मात्र नंतर अधिकृत निकालाबरोबर, साधारण ८ ते १० दिवसांत. आणि बोर्ड पुसून कॅमेऱ्याला दाखवल्याशिवाय ब्राउझर बंद करू नका.