लाल क्लीट, पिवळं क्लीट आणि पंधरा रुपयांचा चहा

रोड बाइकला क्लिपलेस पेडल, म्हणजे बूट ज्यात खटकन अडकून बसतो ते पेडल, लावून मला आता अकरा महिने झाले. पहिल्या सहा महिन्यांत कोणी विचारलं असतं तर "घ्या, मस्त आहे" असं दोन शब्दांत सांगून मोकळी झाले असते. आता तसं जमणार नाही, कारण मध्ये एक गुडघा आला आणि एक दुकानदार आला.

पेडल शिमानोचं एसपीडी-एसएल, त्यातलं सगळ्यात स्वस्तातलं. बुटाच्या तळव्याला तीन बोल्टने बसवायचा प्लास्टिकचा तुकडा म्हणजे क्लीट, तेच पेडलमध्ये अडकतं, आणि पेडलच्या एकाच बाजूने. सिग्नलला पाय न सुटता आडवं होण्याचा विधीही यथासांग पार पडला, म्हात्रे पुलाजवळ, पीएमपीच्या भरलेल्या बसच्या साक्षीने. पेडलच्या मागे स्प्रिंगचा छोटा स्क्रू असतो, तो सुरुवातीला पार सैल करून ठेवा. मला हे पडल्यावर कळलं.

वेगाबद्दल आमच्या ग्रुपमध्ये फार बोललं जातं. माझा सिंहगडचा वेळ साध्या पेडलवर जेवढा होता जवळपास तेवढाच आहे. मला फायदा झाला तो पावसात. ओल्या पेडलवरून बूट घसरून नडगी सोलून निघायची, ते पूर्ण थांबलं. माझ्यासाठी एवढ्यातच पैसे वसूल.

सातव्या महिन्यात डावं क्लीट त्रास द्यायला लागलं. चढावर उभं राहून जोर लावला की पाय आपोआप सुटायचा. घरी बूट उलटा करून पाहिला तर क्लीटचं पुढचं नाक झिजून पातळ झालेलं, पिवळे पॅड जाऊन खालचं काळं दिसत होतं. उजवं त्या मानाने ठणठणीत. थांबताना मी नेहमी डावाच पाय टेकवते, त्यामुळे सगळा मार त्यालाच. पहिल्यांदा वाटलं, माल हलका आहे. मग हिशोब केला. मी बँकेत आहे, हिशोब केल्याशिवाय मला नीट रागही येत नाही.

आठवड्याला तीन राइड, म्हणजे सात महिन्यांत नव्वदएक. प्रत्येक राइडला खडकवासल्याला चहा. सायकल कठड्याला टेकवायची, टपरीपर्यंत जायचं, सायकलपाशी येऊन प्यायचा, पैसे द्यायला परत, येताना कप टाकायला कडेला. एकदा मोजलीच: पंच्याहत्तर पावलं, निम्मी खडीवरून. क्लीटची नवी जोडी सोळाशेला. भागिले नव्वद, म्हणजे चहामागे जवळजवळ अठरा रुपये. चहा पंधराचा. मी सात महिने चहापेक्षा महाग क्लीट पीत होते.

यावर रबरी कव्हर मिळतात, मी घेतलीही. जर्सीच्या मागच्या खिशात मावतात. पण ती चढवायला एका पायावर उभं राहून वाकावं लागतं, आणि त्या क्षणी नेमकी चहाची हाक येते. एक कव्हर टपरीवर विसरले, दुसऱ्याचा एकट्याने उपयोग नाही.

आता दुकानदार. पिवळी क्लीट आणायला गेले तर म्हणाला, "मॅडम, पिवळं संपलंय, लाल घ्या. लाल सगळ्यात मोकळं, गुडघ्याला उत्तम." रंग म्हणजे रंग, असं समजून मी घेतली. जुनी काढण्याआधी त्यांच्या कडेने बुटाच्या तळव्यावर नेलपॉलिशने रेघ मारली, बोल्टना थोडं ग्रीस लावलं आणि नवी बरोबर त्या रेघेत बसवली. स्वतःवर खूश होते.

दुसऱ्याच राइडला डोणज्याच्या पुढे उजव्या गुडघ्याची आतली बाजू ठणकायला लागली. तिसऱ्या राइडनंतर जिना उतरताना कठडा धरावा लागला. "हे पाय बांधून घेण्याचे धंदे बंद करा," असं घरातून जाहीर झालं आणि मलाही ते पटलं होतं. त्या आठवड्यात मी हे लिहिलं असतं तर मथळा "क्लिपलेस घेऊ नका" असाच असता.

दुकानदार खोटं बोलत नव्हता, तो दुसऱ्याच कंपनीबद्दल बोलत होता. क्लीटचा रंग सांगतो, अडकल्यावर टाच किती अंश हलू शकते. लूक कंपनीच्या क्लीटमध्ये काळं म्हणजे शून्य अंश, करडं साडेचार, लाल नऊ. तिथे लाल खरोखरच सगळ्यात मोकळं. शिमानोच्या एसपीडी-एसएलमध्ये पिवळं सहा अंश, निळं दोन, आणि लाल शून्य! अडकल्यावर टाच जराही इकडेतिकडे होत नाही. माझा उजवा पाय मुळातच बाहेर वळलेला, चालताना अंगठा घड्याळातल्या एकच्या दिशेला. पिवळ्या क्लीटमध्ये पाय आपली जागा आपण शोधत होता, नेलपॉलिशची रेघ थोडी चुकली असती तरी खपून गेलं असतं. लाल काहीही खपवून घेत नाही. पाय हलत नाही म्हटल्यावर पीळ वर गुडघ्यात जातो.

लूक मुळात स्कीची बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला अडकवणारे खटके, बनवणारी कंपनी. १९८४ साली तिने असं अडकणारं पेडल बाजारात आणलं आणि १९८५ मध्ये फ्रेंच सायकलपटू बर्नार्ड इनो ते वापरून टूर द फ्रान्स जिंकला. पुढे ज्याने त्याने आपापलं क्लीट काढलं, रंगांचा अर्थ मात्र कोणी कोणाला विचारला नाही. दोन्ही क्लीट बुटाच्या त्याच तीन भोकांत बसतात, पण एकाचं क्लीट दुसऱ्याच्या पेडलमध्ये चालत नाही. त्यामुळे बूट चालतोय म्हणजे सगळं चालतंय, असं समजू नका.

परत करायला गेले. "बोल्टचे वळ पडलेत, आता कोण घेणार?" मी म्हटलं, चूक कोणाची? तर म्हणे, "मॅडम, रंग तुम्हीच पसंत केलात." जणू साडीच घ्यायला गेले होते. आणखी सोळाशे घालून दुसरीकडून पिवळी आणली. दहाएक दिवसांत गुडघा शांत झाला. लाल जोडी टूलकिटमध्ये आहे. कोणाचे पाय अगदी सरळ पडत असतील तर निम्म्या किमतीत देईन. रंगाचा अर्थ सांगून देईन.

मग आता घ्यायचं तर काय? माझी पेडल मी बदलणार नाही, पैसे गेलेत. पण आज नव्याने घेत असते तर शिमानोचंच, पण साधं दोन बोल्टचं एसपीडी (मागे एसएल नसलेलं) घेतलं असतं. क्लीट लोखंडी, छोटं, बुटाच्या तळव्यात आत दडलेलं, त्यामुळे माणसासारखं चालता येतं. दोन्ही बाजूंनी अडकणारं पेडलही मिळतं, सिग्नल सुटल्यावर खाली बघत बसायला नको. दोनशे किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब राइड, करणारे ग्रुपमधले बरेच जण तेच वापरतात, वाटेतल्या कंट्रोलवर (तपासणीच्या थांब्यावर) उतरून चालावं लागतं म्हणून. बूट घेताना तेवढी तळव्याची भोकं बघा. माझ्या बुटाला तीनच आहेत, म्हणजे पेडल बदललं की बूटही गेला. तीन बोल्टवालं त्यांनी घ्यावं जे घरून निघून थेट घरीच उतरतात. असे लोक मला अजून भेटलेले नाहीत. सिंहगडावर वर पिठलं-भाकरी खायला जाताना मी बूट काढून हातात घेते आणि फरशीवरून अनवाणी चालते. लोक देवदर्शनाला आलेय समजून वाट देतात.

खडकवासल्याच्या टपरीवरच्या मावशींनी एकदा मला टाचांवर बदकासारखं चालताना पाहिलं. तेव्हापासून मी दिसले की त्या चहा कठड्यापर्यंत आणून देतात. मी वीसची नोट देते आणि पाच परत घेत नाही. तरी चहामागे तेरा रुपये वाचतात.