रबाळ्यात 20,500 की वागळे इस्टेटमध्ये 24,000?

नवी मुंबईतलं रबाळे आणि ठाण्यातली वागळे इस्टेट, दोन्हीकडून नोकरीला होकार आला की नजर आधी वरच्या साडेतीन हजारांवर जाते. पण घरात बाळंतपण येणार असेल किंवा कुणाची तब्येत नाजूक असेल, तर काम बंद असलेल्या दिवसांचा पगार कोण देणार, ते आधी बघा.

रबाळ्याचा पगार 21,000 च्या आत, म्हणून ईएसआयसी, म्हणजे सरकारी महामंडळाचा कामगार विमा, लागते. दरमहा तुमचे 154 रुपये कापले जातात (0.75 टक्के), मालक 3.25 टक्के भरतो. आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत 70 टक्के पगार मिळतो. महिनाभर अंथरुणाला खिळलात, तर सुरुवातीचे दोन दिवस वगळून तेरा हजारांच्या वर हातात येतात. एक अडचण आहे: नव्याने विम्यात आलेल्याचे पहिले नऊ महिने या पैशाविना जातात. उपचार मात्र पहिल्या दिवसापासून. पुढेही दर सहा महिन्यांत 78 दिवसांची वर्गणी भरलेली हवी, म्हणून खाडे फार करू नका.

वागळेत ईएसआयसी नाही, मेडिक्लेम आहे. मेडिक्लेम हॉस्पिटलचं बिल भरतो, बुडालेला पगार देत नाही. 2017 चा महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा लागू असेल, तर वर्षाला 8 किरकोळ रजा, आणि 240 दिवस भरल्यावर दर 20 दिवसांमागे एक हक्काची रजा. त्या संपल्या की बिनपगारी.

बाळंतपणाला पहिल्या दोन मुलांपर्यंत दोन्हीकडे 26 आठवडे पूर्ण पगारी. फरक देणाऱ्यात आहे. रबाळ्यात पैसे ईएसआयसी महामंडळ देतं, वागळेत मालकाच्या खिशातून जातात. "आत्ता राजीनामा दे, नंतर परत घेऊ," असं गोड बोलणारे मालक मी पाहिलेत. ताई, तसल्या कागदावर सही करू नका. बाळंतपणाच्या रजेत कामावरून काढणं बेकायदा आहे.

आईच्या ऑपरेशनसाठी रजा? कायद्याने कुठेच नाही. खासगी नोकरीत बाप झालेल्यालाही नाही. पण ईएसआयसीत तुमच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांवर वागळे किंवा वाशीच्या कामगार रुग्णालयात उपचार होतात, तेवढा खर्च तरी वाचतो.

एकटे असाल, तब्येत धडधाकट असेल, तर 24,000 घ्या, फक्त रजा ऑफर लेटरमध्ये लिहून मागा. वर्ष-दोन वर्षांत मूल हवं असेल किंवा आईवडील तुमच्यावर अवलंबून असतील, तर मी रबाळे निवडेन. तिथे कंत्राटदारामार्फत लागत असाल, तर पहिल्याच महिन्यात 10 अंकी विमा क्रमांक मागून घ्या. कापलेले पैसे खरंच भरले गेलेत का, ते त्यावरूनच तपासता येतं.