जुनं सॉफ्टवेअर विंडोज ११ वर: कम्पॅटिबिलिटी मोड की व्हर्च्युअल मशीन?

आधी प्रोग्राम १६-बिट (डॉस, विंडोज ३.१ च्या काळातला) आहे का ते पाहा. विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्ये येते आणि ६४-बिट विंडोज १६-बिट प्रोग्राम चालवतच नाही. तिथे कम्पॅटिबिलिटी मोडवर (प्रोग्रामला जुन्या विंडोजसारखं वातावरण देणारी सोय) वेळ घालवू नका; थेट व्हर्च्युअल मशीनकडे, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने चालणाऱ्या दुसऱ्या कॉम्प्युटरकडे वळा.

३२-बिट असेल तर मात्र सुरुवात कम्पॅटिबिलिटी मोडपासूनच करा. फाइलवर राइट-क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी टॅब, मग ‘विंडोज एक्सपी (सर्व्हिस पॅक ३)’. दोन मिनिटांचं काम. सेटिंग किंवा डेटा सेव्ह होत नसेल, तर बहुधा प्रोग्राम ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये लिहू पाहतोय आणि तिथे त्याला परवानगी नाही. सी ड्राइव्हवर वेगळा फोल्डर करून तिथे पुन्हा इन्स्टॉल करा. कायम ॲडमिन म्हणून चालवण्यापेक्षा हे बरं.

ड्रायव्हर (उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर) हवा असेल तर हा मोड हतबल: ३२-बिट ड्रायव्हर ६४-बिट विंडोजवर लोड होत नाही. मग व्हर्च्युअलबॉक्समध्ये (व्हर्च्युअल मशीन बनवणारा प्रोग्राम) ३२-बिट एक्सपी टाका. १ जीबी रॅम, १० जीबी डिस्क पुरते. यूएसबी उपकरण आतल्या एक्सपीला जोडता येतं. एक्सपीचं लायसन्स मात्र स्वतःचं हवं. एक्सपीचे अपडेट्स ८ एप्रिल २०१४ ला थांबले, म्हणून नेटवर्क ॲडाप्टर बंदच ठेवा आणि फाइल्स शेअर्ड फोल्डरमधून न्या.